विंगेत कुणी नाही

मी अमेरिकेत जाऊन अभिनय शिकून आले असं सांगितलं की आमच्या वडशात लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग हसतात. निम्मं आयुष्य तोंडाला रंग फासून स्टेजवर काढलेली बाई, नातवंडं खेळवायच्या वयात शिकायला जाते, आणि तेही टेक्ससला! म्हणजे हिचं डोकं फिरलं असणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसतं. हसू द्या. मी गेले, शिकले, आणि शिकले ते इथं आणून वापरलं. त्याचा मला अभिमान आहे, आणि तो लपवण्याइतकी चांगली नटी मी नाही.

ज्यांनी झाडीपट्टीचं नाटक पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं आधी सांगते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या आमच्या धानाच्या मुलखात दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटकं होतात. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत, म्हणजे शेतात, मंडप पडतो आणि सगळी पंचक्रोशी तिथं लोटते. नाटक कंपन्यांची ऑफिसं वडशात आहेत. गावकरी तिथं येऊन नाटक ठरवतात. आज एका गावी एक नाटक, उद्या दुसऱ्या गावी दुसरंच. इतकं पाठ करायला सवड कुणाला? म्हणून विंगेत प्रॉम्टर बसतो. तो पुस्तकातलं वाक्य हळूच वाचतो, आणि आम्ही ते त्याच क्षणी आपलं करून, रडून, चिडून, लाजून प्रेक्षकांना देतो. समोरच्या नटाचं बोलणं एका कानानं, प्रॉम्टरचं दुसऱ्या कानानं. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा.

आमच्या कंपनीचे प्रॉम्टर शामराव, कायम उजव्या विंगेत बसणारे. त्यांचा आवाज म्हणजे माझी स्मरणशक्ती. मी कधी एक पान पाठ केलं नाही, कारण त्याची गरजच पडली नाही.

गेल्या सिझनला माझा उजवा कान मंद झाला. आधी वाटलं, शामरावांचाच घसा बसलाय. मग एका गावी, नाटक अगदी रंगात आलेलं असताना, घर सोडून निघालेल्या लेकाला आई अडवते त्या प्रसंगात मला वाक्यच ऐकू आलं नाही. शामरावांनी पुन्हा सांगितलं. पुन्हा नाही. शेवटी ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की पहिल्या रांगेतल्या बायकांनी ते ऐकलं, आणि त्यातली एक मला ओरडून म्हणाली, "अवं माय, पोराले थांब म्हन ना!" सगळा मंडप हसला. त्या प्रसंगात लोकांनी पदर डोळ्याला लावायचा असतो.

नागपूरच्या डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं. स्टेजवर टांगलेल्या माइकजवळ गेलं की ते शिट्टी मारायचं. शामरावांना डाव्या विंगेत बसवावं, तर तिकडं ऑर्गन आणि तबला. सिझन संपताना कंपनीचे मालक देवीदासभाऊ मला म्हणाले, "ताई, तुमच्या नावावर नाटक ठरते हे खरं हाये. पण यंदा तुमी लहान भूमिका करा. चार वाक्यं, पाच वाक्यं. जमन तुमाले." ते प्रेमानं म्हणाले, म्हणून जास्त लागलं. घरी पुस्तक घेऊन पाठ करायला बसले, तर चौथ्या वाक्याला मान आपोआप उजवीकडे वळायची. तिकडं भिंत होती.

अशा अवस्थेत मी पावसाळ्यात लेकीकडे, शुगर लँडला गेले.

शुगर लँड

हे ह्यूस्टन शहराच्या कडेचं गाव. नावात साखर असली तरी हवा वडशाच्या भाद्रपदासारखी, अंगाला चिकटणारी. घरं मोठी, रस्ते त्याहून मोठे, आणि रस्त्यावर माणूस म्हणून दिसायचा नाही. सगळे गाडीत. माझी वैशाली एका तेलकंपनीत इंजिनिअर आहे. आई रात्र रात्र गावोगाव फिरते म्हणून ही पोर आजोळी वाढली, आणि आता मला सांभाळायची पाळी आपली आहे असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. माझं परतीचं तिकीट तिनं संक्रांतीनंतरचं काढलं होतं. म्हणजे सिझन आपोआप बुडणार.

"आई, बास झालं ना आता," ती म्हणायची. "किती वर्षं जागरणं करणार? इथं राहा. आपण हिअरिंगची प्रॉपर ट्रीटमेंट करू. रिलॅक्स कर."

एका रविवारी तिच्या ऑफिसातला सौरभ जेवायला आला. नागपूरचा पोरगा, व्हिसावर आलेला, एकटा राहणारा. माझ्या हातच्या बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा तो असा जेवला की मला त्याच्या आईची आठवण आली, जिला मी कधी पाहिलेलंही नाही. बोलता बोलता म्हणाला, "काकू, मी पण तुमच्याच लाइनमध्ये येतोय. ॲक्टिंग वर्कशॉप जॉइन केलंय. माझा मॅनेजर म्हणतो, तू प्रेझेंटेशन द्यायला लागलास की लोक झोपतात यार!"

"कुठं असतं ते?"

"डाउनटाउनच्या पुढं. दर शनिवारी. शेवटी एक छोटासा शो असतो, घरच्या लोकांना बोलावतात. स्क्रिप्ट हातात नाही, प्रॉम्टर नाही, काहीच नाही."

मी ताटातला घास खाली ठेवला. "मलाही घेऊन चल."

"आई, ते इंग्लिशमध्ये असतं," वैशाली म्हणाली.

"मग? मी काय बहिरी आहे?"

तोंडातून गेलं आणि मीच जीभ चावली. मग सौरभच म्हणाला, "वैशालीताई, मी ड्राइव्ह करतोच आहे. ट्रान्सलेट पण करीन." वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं. मला रिलॅक्स करायला आणलेलं, आणि मी पळून जायची तयारी करत होते. तरी तिनं नाव नोंदवलं. लेक माझीच आहे.

ह्यूस्टन, पहिला शनिवार

रस्त्याची हकिगत सांगत नाही. एकावर एक चढलेले पूल, आणि त्यांच्यावरून सौरभ गाणी लावून गाडी हाकत होता, एवढंच.

जुन्या गोदामाचं छोटं नाट्यगृह केलेलं. पाऊल ठेवलं आणि मी दारातच थबकले. माणसं बूट घालून स्टेजवर! कुणी कॉफीचा पेला स्टेजवर ठेवलेला, कुणी चक्क आडवं पडलेलं. आमच्याकडे पायरीखाली चप्पल काढतो, फळीला हात लावून कपाळाला लावतो, मग वर चढतो. मी तसंच केलं. वर उभा असलेला एक उंच म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. त्याचं नाव रे. तेलाच्या विहिरींवर उभं आयुष्य काढलेला टेक्ससचा माणूस. बायको गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून इथं येऊ लागला होता. त्यानं काही विचारलं नाही. खाली उतरला, पायरीवर बसला, आपले गुडघ्यापर्यंतचे बूट ओढून काढले आणि माझ्या चपलांशेजारी ठेवले. त्याच्या एका मोज्याला भोक होतं. त्या क्षणी तो मला आवडला.

शिकवणारी बाई मार्लीन. पांढरे केस, पुरुषी आवाज, आणि समोरच्याला पुरतं ऐकून घ्यायची सवय. पहिला धडा असा की दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, एकानं जे दिसतं ते बोलायचं आणि दुसऱ्यानं तेच परत म्हणायचं. मी आणि रे जोडीला आलो. तो म्हणाला, तुझ्या हातात हिरव्या बांगड्या आहेत. मी म्हणाले, माझ्या हातात हिरव्या बांगड्या आहेत. पुन्हा तो. पुन्हा मी. तासभर.

परतताना सौरभनं विचारलं, "काकू, बोर झालं का?"

"अरे, सात समुद्र ओलांडून बालवाडीत बसले मी! हजारो लोकांपुढं उभी राहते बाप्पा, आणि इथं बांगड्या बांगड्या खेळायचं?"

"सेम हिअर," तो म्हणाला. "मी पण तासभर एकाच्या मिशीवर बोलत होतो यार."

दुसरा शनिवार

त्या दिवशी प्रत्येकानं आपल्या आवडीचा एक तुकडा करून दाखवायचा होता. भाषा कुठलीही. मी मनात म्हटलं, आता बघा. आईच्या भूमिकेतलं एक जोरदार भाषण घेतलं, जे मी असंख्य वेळा केलं होतं. पाठ असणारच की.

पहिलं वाक्य असं फेकलं की गोदामाचे पत्रे हादरले. पुढच्या खुर्चीवरचा माणूस मागे सरकला. दुसरं वाक्य. तिसरं. आणि माझी मान उजवीकडे वळली.

विंगेत कुणी नव्हतं.

मी थांबले. वाट बघत राहिले. वाक्य येत नव्हतं, कारण ते द्यायला कुणी नव्हतं, आणि हे कळत असूनही मान समोर येईना. हात तसाच वर राहिलेला. डोळ्यांत पाणी. आयुष्यात एवढी शांतता मी स्टेजवर कधी ऐकली नव्हती. मग कुठून तरी शेवटचं वाक्य आठवलं, ते पुटपुटल्यासारखं म्हटलं आणि संपवलं.

आणि सगळे उठून उभे राहिले! टाळ्या थांबेनात. एक मुलगी तर रडत होती. मार्लीन जवळ आली आणि तिनं हळू आवाजात विचारलं, त्या शांततेत तू कुठं गेली होतीस?

सौरभनं मला मराठीत विचारलं. मी म्हणाले, "कुठं जाणार? प्रॉम्टरची वाट बघत होते."

सौरभ मार्लीनला गंभीर चेहऱ्यानं इंग्रजीत म्हणाला, त्या म्हणतात, मी माझ्या गावी गेले होते.

वर्गातून 'ओऽऽह' असा आवाज आला. मी बी.ए. आहे. बोलायला अडखळते, पण एवढं इंग्रजी मला समजतं. मोह झाला, खोटं सांगत नाही. अमेरिकेत टाळ्या पडल्यात, घेऊन टाकाव्यात. पण टाळी ही गोष्ट मी कमावून खाल्लेली आहे, फुकटची मला पचत नाही. "नो, नो," मी म्हणाले. "नॉट व्हिलेज. वेटिंग. आय वेट फॉर प्रॉम्टर. आय फरगॉट!"

त्यावर जो हशा पिकला तो पिकला. रे तर मांडीवर हात मारून हसत होता. सौरभचे कान लाल झाले. मार्लीन मात्र हसली नाही. तिनं खुर्ची ओढली आणि म्हणाली, प्रॉम्टर म्हणजे काय ते मला नीट सांग.

सांगून काय कळणार? मी सौरभला डाव्या, चांगल्या कानाच्या बाजूला, पडद्याआड बसवलं. म्हटलं, फोनमधलं काहीही वाच, पण मराठीत. त्यानं भाषांतर करत करत आपल्या ऑफिसचा ईमेल वाचला. सर्वांना कळवण्यात येते की पार्किंगची जागा शुक्रवारपासून बंद राहील. त्याचं वाक्य संपायच्या आत मी ते घेत होते. पार्किंग बंद राहील हे मी लेकाच्या मरणाची बातमी सांगावी तसं सांगितलं. गैरसोयीबद्दल क्षमस्व म्हणताना रेच्या पायाशी बसले. तेवढ्यात रेनं काही विचारलं, त्यालाही मानेनं उत्तर दिलं आणि पुढचं वाक्य सोडलं नाही. सौरभनं अर्थ सांगितल्यावर लोक हसून लोळले, पण मार्लीन माझ्या कानाकडे बघत होती. इतकी वर्षं मी माणसांना ऐकायला शिकवते, ती म्हणाली, पण असं ऐकणारं माणूस पाहिलं नव्हतं.

त्या क्षणी मला जेवढा अभिमान वाटला तेवढंच रडू आलं. मी तिला खरं सांगितलं. प्रॉम्टरच्या बाजूचा, उजवा कान चाललाय. तो गेला की मी गेले. म्हणून आलेय.

तिनं आपली खुर्ची माझ्या समोर आणली. मग म्हणाली, तू आजवर मागच्या माणसाचं ऐकलंस. आता समोरच्याचं ऐक. त्याला फक्त कान लागत नाही.

रेला खुर्चीतून उठवणं

शेवटच्या शोसाठी मार्लीननं मला आणि रेला एक प्रवेश लिहून दिला. ह्यूस्टनला वादळं येतात, पूर येतो. एक म्हातारा पाणी चढत असताना घर सोडायला तयार नाही, आणि शेजारीण त्याला न्यायला आली आहे. तो इंग्रजीत बोलणार, मी मराठीत. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. माझी वाक्यं मीच मराठीत केली. मला त्यात अवघड काहीच नव्हतं. वैनगंगेचा पूर मी पाहिलेला आहे, आणि घर न सोडणारे म्हातारेही.

मार्लीननं रेला मात्र एक अट घातली. खरंच उठावंसं वाटलं तरच खुर्चीतून उठायचं.

मी जीव तोडून केलं. छाती पिटली, पदर पसरला, बांधीच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या माणसालाही ऐकू जाईल असा आवाज लावला. रे ढिम्म. शेवटी म्हणाला, मॅम, मला तुमची भीती वाटली, पण उठावंसं नाही वाटलं.

मार्लीननं विचारलं, "तुला याच्याकडून काय हवंय?"

"त्यानं उठावं."

"मग ते त्या रिकाम्या खुर्च्यांना का सांगतेस?"

खरंच की! मी सगळं प्रेक्षकांकडे तोंड करून बोलत होते. आमच्याकडे प्रेक्षकांना पाठ दाखवणं म्हणजे अपमान. पहिल्याच वर्षी गुरूंनी त्यावरून छडी उगारली होती. पण मार्लीन हटेना. मी मनातल्या मनात गुरूंची माफी मागितली, कान पकडले, आणि खुर्च्यांकडे पाठ करून रेसमोर उभी राहिले.

तेव्हा मला त्याचं तोंड दिसलं. हनुवटी वर गेली की तो हट्टाला पेटतो. नजर भिंतीकडे गेली की बायकोची आठवण येते. हात खुर्चीच्या दांड्यावर सैल पडला की तो ऐकायच्या बेतात असतो. हनुवटी वर गेली आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "पाणी पायरीला लागलं, भाऊ." पाठ केलेलं नव्हे. त्याच्या हनुवटीनं ते मागितलं. पुढचं वाक्य त्याच्या हातात होतं, त्यापुढचं नजरेत. ते बांगड्यांचं खूळ कशासाठी होतं, ते आता डोक्यात शिरलं. इतके दिवस मी वाक्यं कागदावर शोधत होते.

दुपारी वैशालीच्या कॉलनीत फेऱ्या मारत मी दोघांचीही वाक्यं म्हणायची, त्याची इंग्रजी आणि माझी मराठी. त्याचं बोलणं कुठं संपतं हे कळल्याशिवाय माझं कुठून सुरू होणार? त्याच्या इंग्रजीतला निम्मा अर्थ कळत नव्हता, पण चाल पाठ झाली होती. एक दिवस वैशालीला मीटिंगमध्ये कॉलनीच्या ग्रुपवर मेसेज आला. एक वयस्कर बाई साडी नेसून, हातवारे करत, 'बाहेर निघा, बुडाल' अशा स्वरात काहीतरी ओरडत फिरते आहे, कुणाची आहे? वैशालीनं सगळ्यांना कळवलं, "माझी आई आहे. ॲक्टर आहे. रिहर्सल करतेय." मला तिनं तो मेसेज संध्याकाळी दाखवला. ॲक्टर हा शब्द मी दोनदा वाचला. दुसऱ्या दिवशी समोरच्या घरातली बाई दारात थंड पाण्याची बाटली घेऊन उभी होती.

रे दर शनिवारी काहीतरी खायला आणायचा. लाकडाच्या धुरावर रात्रभर शिजवलेलं मांस, एकदा तळलेली कोळंबी, एकदा अक्रोडासारख्या पेकनची गोड वडी. मी डब्यात पातोड्या न्यायची. तिखट कमी केलं होतं, परक्या माणसाला झेपणार नाही म्हणून. त्यानं एक खाल्ली आणि म्हणाला, मॅम, याच्यात मिरची विसरलात का? पुढच्या वेळी मी आमच्याकडच्यासारखं केलं. घामानं डबडबला, पण डबा पुसून परत दिला.

शो

घरची माणसं, शेजारीपाजारी, चाळीसेक खुर्च्या. वैशाली तिसऱ्या रांगेत. सौरभचा प्रवेश आमच्या आधी झाला. एकही माणूस झोपला नाही, हे त्यानं खाली येऊन मला तीनदा सांगितलं.

मी फळीला हात लावून वर चढले. शेजारी रे, खांद्यावर म्हाताऱ्याची शाल, पायांत फक्त मोजे, यावेळी नवे.

सुरू झालं आणि मला जागेचा विसर पडला. पाणी चढत होतं आणि एक हट्टी म्हातारा समोर बसला होता. अर्ध्यावर आलो. रे आता बायकोबद्दल बोलणार होता. त्यानं भिंतीकडे पाहिलं. आणि तो थांबला.

हे नाटकातलं थांबणं नव्हतं. मी त्याच रस्त्यानं जाऊन आलेय, मला ते लांबून ओळखता येतं. भिंतीत त्याला खरोखरीची बायको दिसली होती आणि वाक्य गळून पडलं होतं. त्यानं हळूच माझ्याकडे नजर वळवली. एवढा सहा फुटी गडी, पण डोळ्यांत जत्रेत हरवलेल्या पोराची भीती.

मी पाऊल पुढं टाकलं, त्याच्या खांद्यावरची शाल नीट केली, आणि ओठ न हलवता, घशातल्या घशात, अगदी शामरावांच्या आवाजात म्हणाले, "शी पेंटेड धिस किचन हरसेल्फ."

त्यानं ते असं उचललं की काय सांगू! तेच वाक्य, पण भिजलेलं, फाटलेलं, त्याचं स्वतःचं. पुढचं सगळं धबधब्यासारखं आलं. मी माझं शेवटचं वाक्य बोलले, "चला भाऊ, मी एकटी नाही जात." त्याला एक अक्षर कळत नव्हतं. तो माझ्याकडे बघत राहिला, आणि खुर्चीच्या दांड्यांवर हात टेकवून उठला.

टाळ्या झाल्या. या मात्र मी हक्कानं घेतल्या. मी वाक्य दिलं हे कुणाला कळलंही नव्हतं. वैशालीला नाही, सौरभला नाही, मार्लीनला कळलं असेल तर ती बोलली नाही. ज्या भाषेत मला दुकानात धड भाजी मागता येत नाही त्या भाषेत मी एका टेक्ससच्या माणसाला प्रॉम्ट केलं होतं! रेनं विंगेत माझा हात दोन्ही हातांत धरला. मी म्हणाले, "नो टेन्शन. नेक्स्ट टाइम यू गिव्ह मी."

घरी येताना वैशाली गाडी चालवत होती. तिनं गाणंही लावलं नाही. मला वाटलं, चिडली. सिग्नलला थांबल्यावर समोर बघतच म्हणाली, "आई, तू एकदाही उजवीकडे पाहिलं नाहीस."

"हो का?"

"मी फक्त तेच बघत होते." मग म्हणाली, "तिकीट चेंज करते. दिवाळीच्या आत पोचायला पाहिजे ना तुला?"

वडसा

मला मोठीच भूमिका करायचीय, हे देवीदासभाऊंनी ऐकून घेतलं आणि पानाला चुना लावत राहिले. "अमेरिकेत धा मिनटाचं नाटक करून आल्या तुमी. आपलं रातभर चालते, ताई." खोटं नव्हतं. मी म्हटलं, नुसतं बोलणं नको, यंदाच्या नव्या नाटकाची मुख्य भूमिका मला तालमीला द्या, बघा आणि मग ठरवा. लेकाचं काम करणाऱ्या नटाला मी आठवडाभर समोर बसवून घेतलं. पहिल्या दिवशी तो वैतागला. "ताई, एकमेकाच्या तोंडाकडं पाहून का मिळते?" चौथ्या दिवशी त्यानं विचारणं सोडलं.

तालीम दुपारी, कंपनीच्या हॉलमध्ये. नाटक ठरवायला आलेले गावकरीही दाराशी येऊन उभे राहिले. सगळ्यात मोठा प्रवेश मायलेकाचा. शामराव नेहमीसारखे उजवीकडे, मांडीवर पुस्तक, तोंड उघडून तयार. मी गावकऱ्यांकडे पाठ केली, लेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि बोलायला लागले. एका जागी अडखळले, हे लिहायलाच हवं. पण मान वळली नाही. पोराचा ओठ थरथरला आणि वाक्य आलं.

प्रवेश संपला. देवीदासभाऊंनी पोस्टरवाल्याला फोन लावला आणि सांगितलं की ताईचा फोटो मधातच राहील, मोठा. मी तो आनंद पोटभर घेतला आणि मग उजवीकडे वळले. शामरावांची मला काळजी वाटत होती. ज्या माणसाच्या आवाजावर मी आयुष्य काढलं, त्याचा मी आज एक शब्दही घेतला नव्हता.

ते उभे होते. पुस्तक मिटलेलं, मधे बोट. डोळे पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

"ताई," ते म्हणाले, "इतके वर्सं मी मान खाली घालून नुसतं पुस्तकच वाचलो. तुमचं काम आज पयल्यांदा पायलो."